फळ्यावर कळवावे

आमच्या गावात बातमी कानानं ऐकायची आणि फळ्यावर खरी करून घ्यायची, अशी रीत होती. उद्या पाणी येणार नाही हे न्हाव्याकडे, गिरणीत, दवाखान्याच्या बाकावर सगळीकडे आदल्या दिवशीच कळलेलं असे, पण फळ्यावर येईपर्यंत कोणी एक बादली जास्त भरत नसे. "फळ्यावर आलंय का?" एवढाच प्रश्न. आलं असेल तर खरं. नसेल, तर तुम्ही स्वतः फुटलेल्या नळात पाय भिजवून आला असलात तरी ती अफवा.

हा फळा नगरपालिकेच्या बाहेरच्या भिंतीवर, चौकाकडे तोंड करून होता. बस त्याच्यासमोरच थांबायची. परगावाहून आलेला माणूस खाली उतरला की आधी फळा बघायचा, मग आपल्या पिशव्या सगळ्या उतरल्या का ते बघायचा. पाणी किती वाजता, वीज कुठल्या भागात नाही, रस्ता कुठे खणलाय, कोणाचा कुत्रा हरवला, कोणाची कवळी सापडली, सगळं तिथे. आणि वर डाव्या कोपऱ्यात, पट्टीनं चौकट आखून, कोण गेलं ते. ती चौकट रिकामी असली की लोक नकळत एक सुस्कारा टाकून चहा प्यायला जात.

फळा लिहायचे खडूकाका. नगरपालिकेत ते शिपाई होते, पण शिपायाचं काम त्यांना कोणी सांगत नसे, कारण त्यांच्या हातचा चहासुद्धा पांढरा लागायचा. उजव्या हाताची बोटं कायमची पिठात बुडवल्यासारखी. पाठीवर थाप मारली की शर्टावर पंजा उमटायचा, आणि घरी गेल्यावर बायको विचारायची, "आज खडूकाका भेटले वाटतं?" त्यांची स्वतःची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांची काकू, म्हणायची, "ह्यांच्या कपड्यांना साबण नको, डस्टर आणा."

अक्षर मात्र असं, की वीज जाणार हे वाचतानाही बरं वाटावं. एका दुकानदारानं रस्त्यावर मांडलेला माल आत घ्यावा म्हणून त्याचं नाव फळ्यावर आलं, तर त्यानं माल आणखी थोडा बाहेर सरकवला. नाव अजून एक दिवस राहील म्हणून.

फळ्याच्या शेजारी, त्याच भिंतीवर, एक तक्रारपेटी होती. पत्र्याची, लाल, फटीत चिमणीनं घरटं करावं इतकी दुर्लक्षित. गावात तक्रारी नव्हत्या असं नाही. पण तक्रार करायची ती तोंडानं, चहाच्या टपरीवर, असाच सगळ्यांचा कल. पेटीत चिठ्ठी टाकणारा माणूस गावात एकच होता, आणि तो खडूकाकांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला गावानं तक्रारकाका म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे पुढे तर टपालवालाही त्यांना त्याच नावानं हाक मारायला लागला.

दोघं एकाच घरात राहायचे. वडिलांनी बांधलेलं साधं बैठं घर, मधोमध एक दार. इकडच्या दोन खोल्या थोरल्याच्या, तिकडच्या दोन धाकट्याच्या. मधलं दार बंद, आणि बंद दारापुढे खडूकाकांच्या बाजूनं एक जाडजूड लाकडी कपाट. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. न बोलण्याला इतकी वर्षं झाली होती, की त्या कपाटाखाली फरशीचा रंग वेगळा पडला असणार.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. धाकटे तेव्हा परगावी कारखान्यात फिटर होते. इकडे वडील अचानक गेले. थोरल्यानं कारखान्यात निरोप धाडला. तो फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे पडून राहिला, कारण धाकट्यांची पाळी बदलली होती. इकडे सगळे जमलेले, ऊन चढलेलं. मोठी माणसं म्हणाली, आता किती थांबायचं? थोरले थांबले नाहीत. सगळं उरकलं. त्याच्या आधी त्यांनी फळ्यावर, डाव्या कोपऱ्यात, स्वतःच्या बापाचं लिहिलं. दुसऱ्या कोणाला लिहू दिलं नाही.

आणि त्याच संध्याकाळी धाकटे बसमधून उतरले. निरोप मिळाला म्हणून नव्हे, सुट्टी मिळाली म्हणून. हातात वडिलांसाठी घेतलेली नवी चपलांची जोडी. उतरणारा कोणीही बघतो तसा त्यांनी फळा बघितला. आधी म्हणे पाण्याची वेळ वाचली. मग नजर वर, कोपऱ्यात गेली.

घरी येऊन ते रडले नाहीत, भांडलेही नाहीत. अंगणात जमलेल्या माणसांसमोर एवढंच म्हणाले, "दादा, मला तू फळ्यावर कळवलंस."

"अरे छोट्या, निरोप पाठवला होता रे मी—"

"ठीक आहे. आता ह्यापुढे जे काय कळवायचं असेल ते फळ्यावरच कळव."

रागातलं बोलणं, आठवड्यात निवळेल, असं सगळ्यांना वाटलं. पण एक भाऊ शब्दाचा पक्का असला तर निभतं. दोघंही असले की घराचं कल्याण होतं. पुढे कारखाना बंद पडला, धाकटे बायको-मुलीला घेऊन गावात परतले, भिंतीपलीकडे राहिले. बायको वारली, मुलगी शिकून दूरच्या गावी शाळेत शिक्षिका झाली. एवढ्या सगळ्यात थोरल्यानं त्यांना तोंडानं एक शब्द सांगितला नाही. फळ्यावर मात्र सगळं कळवलं.

म्हणजे कसं, तर थंडी पडली की फळ्यावर यायचं: 'नागरिकांना सूचना. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी कान झाकून जावे. विशेषतः ज्यांना लहानपणापासून कानदुखी आहे त्यांनी.' गावातल्या आम्हा बाकीच्यांचे कान ठणठणीत होते. दुसऱ्या दिवशी पेटीत चिठ्ठी: 'नगरपालिकेने नागरिकांच्या कानात लक्ष घालू नये. मागच्या गल्लीतला दिवा बंद आहे, त्यात घालावे. — एक नागरिक.' पेटीची किल्ली खडूकाकांकडेच. ते चिठ्ठी वाचायचे, साहेबांच्या टेबलावर ठेवायचे, आणि संध्याकाळी स्वतः शिडी घेऊन गल्लीतला दिवा बदलून यायचे. शिडी धरायला खाली कोणी नसे. पण तिकडच्या खिडकीचा पडदा जरा सरकलेला असे.

एकदा खडूकाका तापानं पडले. फळा तसाच राहिला. तर पेटीत चिठ्ठी: 'फळा लिहिणारा इसम औषध वेळेवर घेत नसल्याचे समजते. नगरपालिकेने चौकशी करावी.' बदलून आलेले साहेब नवे होते. खडूकाका बरे होऊन कामावर आले, तेव्हा साहेबांनी ती चिठ्ठी नाचवत विचारलं, "हा 'एक नागरिक' कोण आहे हो? वेडा आहे का?"

"नाही साहेब," खडूकाका म्हणाले. "धाकटा आहे."

आम्ही गावकरी हसायचो. एवढ्या नेमानं बोलणारे दोन भाऊ साऱ्या गावात नव्हते. बोलत नसूनसुद्धा.

मग एका उन्हाळ्यात चिठ्ठी आली: 'फळ्यावरचे अक्षर लहान आहे. वाचता येत नाही. — एक नागरिक.'

हे खडूकाकांना लागलं. पाण्याबद्दल, दिव्याबद्दल, घोरण्याबद्दल काहीही बोला. अक्षराबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं.

"माझं अक्षर? लहान?" ते घरी येऊन काकूला म्हणाले.

"मग वाढवा की. खडू काय तुमच्या गाठीचा जातो?"

"खडूचा प्रश्न नाही. अक्षराला माप असतं. आज अक्षर लहान म्हणतो, उद्या भिंत लहान म्हणेल."

पण वाढवलं. थोडंसं, उपकार केल्यासारखं. पुन्हा चिठ्ठी: 'अजून लहान आहे.' पुन्हा वाढवलं. पुन्हा चिठ्ठी. आता खडूकाका इरेला पेटले. अक्षर वितीएवढं झालं, मग हातभर झालं. पाण्याची वेळ लिहिली की विजेला जागा उरेना. हरवलेले कुत्रे फळ्याच्या बाहेर हरवायला लागले. एका घरातली आत्या वारली, तर कोपऱ्यातल्या चौकटीवर पाण्याच्या वेळेनं पाय पसरलेला. घरचे येऊन म्हणाले, "आमची आत्या काय पाण्यापेक्षा हलकी होती?" आणि एक दिवस तर फळ्यावर नुसतं 'उद्या पाणी' एवढंच मावलं. 'नाही' ला जागाच राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सगळं गाव बादल्या मांडून नळाकडे बघत बसलं होतं.

साहेबांनी बोलावलं. "काका, हा फळा आहे की दुकानाची पाटी?"

"नागरिकांची तक्रार आहे साहेब, अक्षर लहान असल्याची."

"किती नागरिकांची?"

"एका."

"मग बाकीच्या गावानं काय करायचं?"

"बाकीच्या गावाला दिसतंय, साहेब," खडूकाका म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं नाही.

कारण चिठ्ठ्यांचं अक्षरही बिघडत चाललं होतं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढत, शेवटचा शब्द कागद सोडून हवेत गेलेला. खडूकाका त्या चिठ्ठ्या टपरीवर दाखवायचे. "बघ, मुद्दाम करतो. मला चिडवायला गिचमिड काढतो. शाळेत माझ्याहून चांगलं अक्षर होतं ह्याचं."

काकूचं दोन्हीकडे जाणं-येणं होतं. तिनं भांडण कधी मानलंच नव्हतं. ती एकदा जेवताना म्हणाली, "अहो, काल भाऊजींना वाटी द्यायला गेले, तर त्यांचा हात वाटीच्या शेजारून गेला."

"लक्ष नसेल त्याचं."

"लक्ष होतं. डोळे माझ्याकडेच होते. पण माझ्याकडे म्हणजे, खांद्यावरून मागे. तुम्ही एकदा जाऊन बघा."

"मी कसा जाऊ? तो म्हणालाय, फळ्यावर कळव. त्यानं मोडलं की मी मोडीन."

"एका माळेचे मणी," काकू म्हणाली. "माळ ओवणाऱ्या सासूबाई बिचाऱ्या सुटल्या." आणि पाटावरून उठली.

पुढच्याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला ती परगावी गेली. बसच्या पायरीवर चढता चढता नवऱ्याला म्हणाली, "मी येईपर्यंत भाऊजींकडे लक्ष ठेवा. खडूनं नव्हे. डोळ्यांनी."

ती गेली, आणि पेटी रिकामी निघायला लागली.

पहिल्या दिवशी खडूकाकांनी आत हात घालून तळापर्यंत चाचपलं. मग टपरीवर येऊन, आम्हाला दोन्ही तळवे उघडून दाखवले. "काही नाही. पटलं शेवटी. एवढ्या मोठ्या अक्षरापुढे कोण काय बोलणार?" दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी ते लिहिताना चक्क गुणगुणत होते. साहेब म्हणाले, "तक्रारी थांबल्या वाटतं. छान. असंच चालू द्या." आम्हालाही हायसं वाटलं, कारण साहेबांनी अक्षर पुन्हा थोडं लहान करून घेतलं, आणि कुत्र्यांना फळ्यावर जागा मिळाली.

पण हळूहळू गुणगुणणं बंद झालं. पेटी एकदा उघडायची ती ते दोनदा उघडायला लागले, मग येता-जाता. चहा अर्धा ठेवून उठायचे आणि किल्ली लावून बघायचे. फळ्यावर एक ओळ आली: 'मागच्या गल्लीतला दिवा पुन्हा बंद आहे. कोणाची तक्रार असल्यास कळवावी.' उत्तर नाही. मग: 'कोणाची काहीही तक्रार असल्यास निःसंकोच कळवावी.' आम्ही हसलो. कोणीतरी म्हणालं, आता खडूकाका हात जोडून तक्रार मागतायत. शेवटी त्यांनी सकाळच्या बसची वेळ जाणूनबुजून चुकीची लिहिली. ही चूक धाकटा सोडणं शक्यच नव्हतं. पेटी रिकामीच. गिरणीवाल्याची बस मात्र चुकली, आणि त्यानं तोंडानं केलेली तक्रार सगळ्या चौकानं ऐकली.

तरी ते पलीकडे गेले नाहीत. भिंतीतून धाकट्याचा रेडिओ ऐकू यायचा. "रेडिओ चालू आहे म्हणजे माणूस चालू आहे," असं ते म्हणायचे. आम्हालाही ते बरोबर वाटायचं. ज्यांनी इतकी वर्षं एकमेकांना फळ्यावरून सांभाळलं, त्यांना आपण बोळातून वळून पलीकडच्या दारी जायला कसं सांगणार?

एका सकाळी नळाला पाणी आलं होतं. खडूकाका आपल्या बादल्या भरून, नळ बंद करून, कामावर निघायला शर्ट घालत होते. पाय ओला लागला. खाली बघितलं तर कपाटाखालून पाणी येत होतं. हळूच, पण सारखं. मधल्या दाराच्या फटीतून, कपाटाच्या पायांमधून, फरशीवर पसरत.

ते बघत राहिले. हा तो माणूस होता, ज्यानं चौकातला नळ टपकतो म्हणून वर्षभर चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ज्याच्या घरी ओंजळभर पाणी वाया गेलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

मग खडूकाकांनी कपाटाला खांदा लावला. कपाट हलेना. आत खडूंची खोकी, जुनी डस्टरं, पट्ट्या, फळ्याचं काय काय. ते सगळं दोन्ही हातांनी बाहेर फेकत त्यांनी कपाट रिकामं केलं आणि ओढलं. दाराची कडी त्यांच्याच बाजूला होती. इतकी वर्षं ती त्यांच्याच बाजूला होती.

पलीकडे मोरीजवळ धाकटे ओल्या फरशीवर बसले होते. एक पाय विचित्र दुमडलेला. एक हात वर, भिंतीवर, नळ शोधत. नळ त्या हाताच्या वीतभर उजवीकडे धो धो वाहत होता. दाढी वाढलेली. खोलीत रेडिओ कोणाला तरी हवामान सांगत होता.

दार वाजल्यावर त्यांनी मान वळवली. डोळे उघडे, पण नजर दाराच्या बाजूच्या भिंतीवर.

"कोण आहे?"

खडूकाका उंबऱ्यातच उभे राहिले. नळ बंद करावा हेही सुचेना.

"कोण आहे? वहिनी?"

"नगरपालिकेतून आलोय," खडूकाका म्हणाले.

धाकट्यांनी भिंतीवरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "उशीर केलात. तक्रार उन्हाळ्यातच दिली होती."

खडूकाकांनी पुढे होऊन नळ बंद केला. मग ते त्याच पाण्यात भावाच्या शेजारी बसले.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं: साखर फार वर्षं वाढलेली, कोणाला सांगितलेली नाही; नजर गेली ती आता येणार नाही; पाय बसेल, पण हृदय थकलंय, त्याचा फार भरवसा धरू नका. टपरीवाल्यानं मान खाली घालून त्याचंही सांगितलं. गेले कित्येक दिवस तक्रारकाका फळ्यासमोर उभे राहून म्हणायचे, "वाच रे जरा, चष्मा घरी राहिलाय." तो वाचून दाखवायचा. "मला वाटलं, रोज चष्मा विसरणारा माणूस विसरभोळा असतो," तो म्हणाला. "आणि एक दिवस यायचेच बंद झाले. वाटलं, अक्षर मोठं झालं, आता घरूनच दिसत असेल." तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही.

मुलगी धावत आली, राहिली, वडिलांना आपल्याकडे न्यायचं म्हणाली. धाकटे नाही म्हणाले. "इथलं पाणी किती वाजता येतं ते मला माहीत आहे. तिकडं कोण सांगणार मला?" काकू लेकीकडून लवकर परतली. कोणालाही काही बोलली नाही. फक्त कपाट पुन्हा दारापुढे सरकवायचं नाही, एवढं बजावलं. ते अंगणात गेलं आणि पावसात फुगून बसलं.

रजा संपली तशी मुलगी गेली. पुढचे काही महिने आमच्या गावाचा फळा लिहिला जाण्याआधी तयार व्हायचा. संध्याकाळी खडूकाका मधल्या दारातून पलीकडे जात, खाटेशी स्टुलावर बसत, आणि उद्याच्या सूचना वाचून दाखवत. धाकटे डोळे मिटून ऐकत.

"'उद्या पाणी येणार नाही.'"

"असं काय रडत सांगतोस? जसं तूच पिऊन टाकलंयस. सरळ सांग."

"'उद्या पाणी येणार नाही.'"

"हं. तक्रार नाही."

समोरासमोर बसल्यावर तरी सगळं बोलून घेतील असं काकूला वाटायचं. तसं काही झालं नाही. इतक्या वर्षांची सवय; सूचना आणि तक्रार एवढंच त्यांना येत होतं. फक्त एकदा, वाचून झाल्यावर, धाकटे म्हणाले, "बाबांची चौकट फार सरळ आखली होतीस. मला तेव्हा तेच लागलं होतं. म्हटलं, ह्याचा हात हलला कसा नाही?"

खडूकाका बराच वेळ बोटांवरचा खडू पुसत राहिले. "हलला होता," ते म्हणाले. "पुसून पुन्हा आखली."

"किती वेळा?"

"खडू संपेपर्यंत."

धाकट्यांनी हात पुढे केला. तो थोरल्याच्या गुडघ्याच्या शेजारी, स्टुलाच्या कडेवर पडला. खडूकाकांनी गुडघा तिकडे सरकवला. काकू पदरानं भांडं पुसत दारात उभी होती. हे तिनंच पुढे आम्हाला सांगितलं.

थंडी सरता सरता, एका सकाळी, धाकटे उठले नाहीत.

खडूकाका काही वेळ खाटेशी बसले. मग कपडे करून नगरपालिकेत गेले. साहेबांच्या टेबलावरचा फोन मागून घेतला आणि पुतणीच्या शाळेत निरोप दिला: बाबांना बरं नाही, मिळेल त्या बसनं नीघ. निरोप घेणाऱ्याकडून तो परत म्हणवून घेतला. मग पुन्हा फोन करून, तो तिच्या हातात पडला की नाही, ती निघाली की नाही, ते विचारून घेतलं. मग ओलं फडकं घेऊन बाहेर आले आणि फळा पुसायला लागले. पाण्याची वेळ, वीज, कुत्रे, सगळं. कोपऱ्यापर्यंत.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "काका, तुम्ही घरी जा. मी कोणाकडून तरी लिहून घेतो."

"लिहू नका, साहेब."

"अहो, मग लोकांना कळणार कसं?"

"मी सांगतो," खडूकाका म्हणाले.

आणि ते निघाले. घरोघर. गिरणी, न्हावी, दवाखाना, मागची गल्ली, पुढची गल्ली. प्रत्येक दारापाशी थांबायचे, चपला काढायचे, माणूस बाहेर येईपर्यंत वाट बघायचे. आमच्याकडेही आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, पाणीही घेतलं नाही. "आमचा छोट्या गेला," एवढंच म्हणाले. पुढच्या दाराकडे वळताना त्यांचा हात कठड्यावर होता. फळा ओल्या फडक्यानं पुसला होता त्यांनी. बोटं स्वच्छ होती. त्या हाताचा मूळ रंग आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

त्या दिवशी गावात कोणीही, फळ्यावर आलंय का, असं विचारलं नाही.

अंगणात माणसं जमली. ऊन वर आलं. कोणीतरी, वयानं मोठं, काळजीनंच म्हणालं, "आता किती थांबायचं?"

"ती येईपर्यंत," खडूकाका म्हणाले.

दुपार कलली. बसची वेळ झाली तसे ते उठले आणि चौकाकडे न जाता उलट दिशेनं निघाले. गावाबाहेर पुलाच्या अलीकडे बसचा एक विनंती थांबा होता. तिथे ते एकटेच उन्हात उभे राहिले, हात वर करून, बस दिसायच्याही आधीपासून. बस थांबली. ते चढले, पुतणी कुठल्या बाकावर आहे ते बघितलं, आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. कंडक्टर म्हणतो, त्यानं तिकीट मागितलं नाही.

पूल ते चौक असं काही फार अंतर नाही. बस चौकात थांबली तेव्हा त्या मुलीनं काकांची बाही दोन्ही मुठींत धरली होती. ती उतरली आणि, उतरणारा कोणीही बघतो तसं, तिनं आधी फळ्याकडे बघितलं. फळा कोरा होता. फडक्याचे पट्टे त्यावर वाळले होते.

"चल," खडूकाका म्हणाले. "सगळे थांबलेत तुझ्यासाठी."